पंख वर गेल्यावर

ऑरेगन राज्यातल्या ऑरोरा गावात विमानतळाला लागून व्हॅन्स एअरक्राफ्टचा कारखाना आहे. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हन या अभियंत्याने १९७३ साली ही कंपनी काढली. तिथून विमानं बाहेर पडतात ती लाकडी खोक्यांत भरून. कापलेले, वाकवलेले, भोकं पाडलेले अॅल्युमिनियमचे पत्रे, रिव्हेटांच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, पिशव्या, नट-बोल्ट आणि ड्रॉइंगचा जाडजूड गठ्ठा. घेणारा खोकं घरी नेतो आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर, शनिवार-रविवारी, वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये ते विमान जोडत बसतो. अशी हाताने जोडून उडालेली या कंपनीची आरव्ही विमानं आता जगभरात ११,००० च्या वर गेली आहेत. आरव्ही-३ पासून आरव्ही-१४ पर्यंत जी जी किट, म्हणजे सुट्या भागांचे असे संच, या कंपनीने विकली, त्या सगळ्यांत एक गोष्ट कायम राहिली. पंख खाली, माणूस वर.

आरव्ही-१५ मध्ये पंख वर गेला. जुलै २०२२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या विमानांच्या मेळ्यात कंपनीने त्याचा पहिला नमुना आणून उभा केला. पंख डोक्यावर, पंखाला खालून तिरका आधार देणारा एकेरी स्ट्रट, पुढे दोन मोठी चाकं, मागे एक छोटं चाक, नाकात २१५ अश्वशक्तीचं लायकमिंग आयओ-३९० इंजिन. विमान जेमतेम महिन्याभरापूर्वी, जूनमध्ये, पहिल्यांदा उडालं होतं. मी त्या गर्दीत होतो. विमानाभोवती उभे असलेले बरेचसे लोक समोरून फोटो काढण्यापेक्षा वाकून, गुडघ्यावर बसून विमानाचं पोट बघत होते. हे बांधणारे लोक. त्यांना रंगरूपाशी काही घेणं नसतं. कुठला भार कुठून कुठे गेला आहे, हे त्यांना बघायचं असतं.

मलाही तेच बघायचं होतं. पंख खालून वर नेणं म्हणजे तोच पंख उचलून छतावर ठेवणं नव्हे. विमानाच्या आत भार वाहण्याचे सगळे रस्ते बदलतात. पंख खाली असला की पंखाचा मुख्य कणा, म्हणजे स्पार, सीटच्या खालून आरपार जातो. हवेत पंख वर उचलले जातात, त्यांना मुळाशी मोडायला बघणारा जोर प्रचंड असतो, आणि तो जोर पेलायला सीटखाली एक दणकट तुळई असते. तिथे ती कुणाच्या वाटेत येत नाही. तीच तुळई वर नेली की ती येते थेट डोक्याच्या जागी. मग एक तर छत उंच करा, नाहीतर तुळई बारीक करा.

स्ट्रट इथे कामाला येतो. धडाच्या तळापासून निघून पंखाच्या मधोमध कुठेतरी जाऊन भिडणारी ती दांडी. उडताना पंख वर जायला बघतो आणि स्ट्रट त्याला खाली ओढून धरतो. त्यामुळे मोडण्याचा सगळ्यात मोठा जोर पंखाच्या मुळाशी न येता स्ट्रट जिथे जोडला आहे त्या जागी येतो, आणि छतात शिरणारा कणा हलका करता येतो. किंमत मोजावी लागते ती हवेच्या अडथळ्यात. एवढी लांब दांडी वाऱ्यात उघडी राहिली की वेग खाते. म्हणून तिचा छेद पाण्याच्या थेंबासारखा निमुळता ठेवतात. वेगासाठी नावाजलेल्या कंपनीने ही किंमत समजून-उमजून मोजली, हे मला आवडलं. स्ट्रट न लावता, नुसत्या पंखाच्या जोरावरही हे जमलं असतं. सेस्ना या अमेरिकी कंपनीने आपल्या कार्डिनल विमानात तेच केलं होतं. पण मग तुळई जड, छत जाड, आणि गॅरेजमध्ये एकट्या माणसाने उचलायचे भाग वजनदार.

या स्ट्रटमागे बराच जुना आणि बराच दुःखद अनुभव उभा आहे, आणि त्यातला एक धागा आपल्या जुहूपर्यंत येतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले, तिथे बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतून पेट्रोल भरून घेतलं आणि जुहूच्या मैदानावर उतरले. ते विमान होतं डी हॅविलँड पस मॉथ. वर पंख, खाली स्ट्रट, १२० अश्वशक्तीचं इंजिन. या विमानाच्या इतिहासातली एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. त्याच सुमारास जगात ठिकठिकाणी खवळलेल्या हवेत पस मॉथचे पंख तुटून माणसं मेली होती. तपासाअंती कारण सापडलं ते पंखाच्या थरथरीत. लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेला तो पंख वाकण्याला पुरेसा पुरून उरायचा, पण पिळवटण्याला कमी पडायचा. उपाय म्हणून स्ट्रटला आधार देणारी आणखी एक छोटी दांडी बसवण्यात आली.

आरव्ही-१५ ला प्रत्येक बाजूला एकच स्ट्रट पुरतो याचं उत्तर इथे आहे. त्याच्या पंखाची कातडी अॅल्युमिनियमच्या पत्र्याची आहे. वरचा पत्रा, खालचा पत्रा आणि मधला स्पार यांची मिळून एक बंद पेटी होते, आणि बंद पेटी पिळणं महाकठीण. वाकण्याचं काम स्ट्रट आणि स्पार मिळून करतात, पिळाचं काम पत्रा करतो. नव्वद वर्षांपूर्वी जे माणसांचे जीव घेऊन कळलं, ते आता प्रत्येक छोट्या विमानाच्या रेखाटनात न सांगता येऊन बसलेलं असतं. मला स्ट्रटकडे बघताना नेहमी ते आठवतं.

पंख वर न्यायचा तरी कशासाठी? आयडाहोच्या डोंगरांत जॉन्सन क्रीक नावाची धावपट्टी आहे. गवताची, सुमारे ३,४०० फूट लांब, समुद्रसपाटीपासून जवळजवळ ४,९०० फुटांवर, दोन्ही अंगांनी डोंगर. उन्हाळ्यात लोक तिथे विमानाने जातात, पंखाखाली तंबू ठोकतात, नदीत मासे धरतात. अशा पट्ट्या त्या भागात कितीतरी आहेत आणि त्यातल्या काहींच्या मानाने जॉन्सन क्रीक म्हणजे राजमार्ग. तिथे झुडपं पंखाला घासतात, चाकाखालचे खडे उडून पंखावर आदळतात, जमीन उंचसखल असते. पंख डोक्याच्या वर असला की यातल्या निम्म्या चिंता मिटतात. उतरताना खाली वाकून बघता येतं, तेही मोलाचं. वळताना मात्र उलट होतं, आतल्या बाजूचा पंख खाली येऊन नेमकी जिकडे वळायचं ती दिशा झाकतो. दोन्हीकडून सुख मिळत नाही. पावसात आणि उन्हात उभं राहायला सावली मिळते, हा फायदा मी गंभीरपणे मोजतो. ज्याने भर दुपारी, विमानं उभी करायच्या डांबरी ॲप्रनवर विमानाची तपासणी केली आहे त्याला तो कळेल. इंधन भरायला मात्र शिडी लागते.

या कामात आजवर राज्य होतं पायपर सुपर कब आणि सेस्ना १८०, १८५ यांचं. कब कुठेही उतरतं, पण तिथवर पोचायला दिवस जातो. सेस्ना बरंच सामान नेते, पण ती विमानं आता म्हातारी झाली आहेत आणि चांगल्या अवस्थेतली मिळाली तर किंमत डोळे पांढरे करते. आरव्ही-१५ ची सगळी मांडणी या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेसाठी आहे: वेगाने जायचं आणि तरी नदीकाठच्या गवतात हळूच उतरायचं. या दोन मागण्या एकमेकींच्या वैरी आहेत. हळू उतरायला मोठा पंख हवा, वेगाने जायला छोटा. स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान तोलून धरत नाही तो वेग, पंखावरच्या भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे हा वेग निम्म्यावर आणायचा तर पंख चौपट मोठा करावा लागेल. ते कुणी करत नाही. म्हणून डिझायनर फ्लॅपकडे, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या झडपांकडे, वळतो, उतरताना पंखाचा आकारच तात्पुरता बदलून घेतो, आणि प्रवासात तो पुन्हा सडपातळ करतो.

चाकांच्या पायांबद्दल थोडं. आरव्ही-१४ च्या मागच्या छोट्या चाकाच्या आवृत्तीत पुढचे पाय म्हणजे इंजिनाच्या माउंटमध्ये बसवलेल्या पोलादी स्प्रिंगच्या दांड्या. साध्या, हलक्या, गुळगुळीत धावपट्टीवर उत्तम. पण स्प्रिंगचा स्वभाव असा की ती घेतलेला धक्का परत देते. खडबडीत जमिनीवर विमान उतरतं, उडी मारतं, पुन्हा उतरतं. धक्का पचवायचा तर त्या जोराची उष्णता करून टाकणारं काहीतरी हवं, मोटारसायकलच्या मागे असतं तसं शॉकॲब्सॉर्बर. जुन्या कब विमानांत ही सगळी यंत्रणा, रबराचे दोर आणि दांड्या, पोटाखाली वाऱ्यात उघडी असते. आरव्ही-१५ मध्ये धक्के शोषणारा भाग धडाच्या आत घेतला आहे. ऑशकॉशला लोक गुडघे टेकून बघत होते ते हेच.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते शेपटीने.

पहिल्या नमुन्याला मागे स्टॅबिलेटर होता. म्हणजे आडवी शेपटी पूर्णच्या पूर्ण हलते, तिचा पुढचा भाग स्थिर नसतो. याचे फायदे उघड आहेत. तेवढ्याच पत्र्यात जास्त जोर मिळतो, आणि अशा विमानाला शेपटीत जोर फार लागतो. फ्लॅप पूर्ण खाली सोडले की नाक खाली जायला बघतं. पुढे दोन माणसं आणि मागे काही नाही, किंवा मागे तंबू, सायकली, पाण्याचे कॅन ठासून भरलेले, अशा दोन टोकांच्या वजनांत शेपटीने नाक सांभाळायचं असतं, तेही उतरण्याच्या मंद वेगात, जेव्हा शेपटीवरून हवा कमी वाहते. व्हॅन्सला स्टॅबिलेटर नवखा नव्हता. त्यांच्या छोट्या आरव्ही-१२ ला तो आहे आणि ते विमान छान उडतं.

आणि तरी चाचण्या चालू असताना त्यांनी तो काढला. त्याजागी नेहमीची शेपटी बसवली: पुढे स्थिर स्टॅबिलायझर, मागे हलणारा एलिव्हेटर. ऑशकॉशमध्ये सगळ्या जगासमोर जे दाखवलं, ज्याची छायाचित्रं सगळीकडे छापून आली, ते बदललं.

यातली नेमकी तांत्रिक कारणं तेच जाणोत, पण या बदलामागचं तत्त्व मला कळतं असं वाटतं, कारण असा इतिहास आधी घडला आहे. सेस्नाने १९६८ च्या मॉडेलसाठी कार्डिनल आणलं, त्याला स्टॅबिलेटर होता. उतरताना, जमिनीच्या अगदी जवळ, वैमानिकाने नाक वर घ्यायला नियंत्रण मागे ओढलं की काही वेळा शेपटीवरची हवाच सुटायची, शेपटी स्टॉल व्हायची, आणि नाक धाडकन खाली. सेस्नाने शेपटीच्या पुढच्या कडेला फटी पाडल्या, हवा त्यातून वळून येऊ लागली, दोष गेला. आधी विकलेल्या विमानांनाही त्यांनी त्या फटी पाडून दिल्या. पण बाजारात गेलेलं नाव परत येत नाही. कार्डिनल अखेरपर्यंत त्या पहिल्या वर्षाची सावली घेऊन वावरलं. आता विचार करा: सेस्नाला ही दुरुस्ती आपल्या कारखान्यांतून, आपल्या सर्व्हिस सेंटरांतून करता आली. किट विकणाऱ्याला ती सोय कुठे? त्याची शेपटी शेकडो गॅरेजांत, शेकडो हातांनी बनलेली असणार. कुणी रंगवली असेल, कुणी अर्ध्यावर सोडली असेल. तिथे दोष उशिरा सापडणं म्हणजे अरिष्टच.

म्हणून किट विमानाचं डिझाईन दोनदा होतं, असं मी मानतो. एकदा उडणाऱ्यासाठी आणि एकदा बांधणाऱ्यासाठी. आणि माझं मत विचाराल तर दुसरं जास्त अवघड. उडणाऱ्या माणसाला परवाना लागतो, शिक्षक लागतो, तास भरावे लागतात. बांधणाऱ्याला काही लागत नाही. तो दंतवैद्य असू शकतो, शाळामास्तर असू शकतो, आयुष्यात पहिल्यांदा हातात ड्रिल घेतलेला असू शकतो. अमेरिकेतला नियम सांगतो की अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असलं पाहिजे, तरच ते विमान प्रयोगात्मक या वर्गात नोंदवता येतं. म्हणजे कारखान्याने सगळं करून द्यायचं ठरवलं तरी कायदा करू देत नाही. डिझायनरला आपलं कौशल्य अशा रीतीने पत्र्यात पेरावं लागतं, की अनोळखी, अशिक्षित हातांनाही चूक करणं अवघड जावं.

हे पेरणं कुठे असतं? भोकात.

माझा एक मित्र पोर्टलंडजवळच्या आपल्या गॅरेजमध्ये आरव्ही-१४ बांधतो आहे, आणि मी हाताखाली काम करायला जातो. जुन्या आरव्हींच्या काळी बांधणाऱ्याला आधी लाकडाचा किंवा लोखंडाचा जिग बांधावा लागे, त्यात सांगाडा सरळ धरावा लागे, मग पत्र्यावर रेघा मारून भोकं पाडावी लागत. सांगाडा पीळ खाऊन बसला तर पंख आयुष्यभर पिळलेलाच. नंतर संगणकावर चालणारी पंचिंग मशीन आली आणि कारखान्यातच प्रत्येक पत्र्यात, प्रत्येक रिबमध्ये, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळीत, भोकं पाडून मिळू लागली, एकमेकांशी तंतोतंत जुळणारी. पत्रा रिबवर ठेवायचा, भोकातून भोक बघायचं, क्लेको, म्हणजे तात्पुरत्या पकडी, घालून आवळत जायचं. सगळी भोकं जुळली की विमान आपोआप सरळ असतं, कारण पीळ असता तर ती जुळलीच नसती. भागच स्वतःचा जिग झाला. एवढं सुंदर अभियांत्रिकीत मी फार कमी पाहिलं आहे.

माझे बाबा ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समधून निवृत्त झाले. नोकरीची सगळी वर्षं पत्राकामात, रिव्हेट गन आणि डॉली, म्हणजे रिव्हेटच्या मागे धरायचा पोलादी ठोकळा, हातात. मागच्या एका उन्हाळ्यात ते माझ्याकडे अमेरिकेत राहायला आले तेव्हा मी त्यांना मित्राच्या गॅरेजमध्ये घेऊन गेलो. त्यांना वाटलं होतं काहीतरी खेळण्यातलं असेल. त्यांनी आधी भिंतीला लावलेला पंखाचा भाग पाहिला, मग टेबलावरचा पत्रा उचलला आणि बोलायच्या आधी अंगठ्याचं नख एका भोकाच्या कडेवरून फिरवलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

"अरे, इथे बर राहिलीय बघ. डोळ्याला दिसणार नाही. नख अडतंय."

बर म्हणजे भोक पाडताना कडेला उरलेली धातूची बारीक कूस. मी मित्राला इंग्रजीत सांगितलं. त्याने नख फिरवून पाहिलं, त्यालाही अडलं. बाबांनी बर काढायचं टूल हातात घेतलं, अगदी हलकेच, दोन वळसे. जास्त दाबलंत तर भोक मोठं होतं, म्हणाले, मग रिव्हेट त्यात खेळतो. मग त्यांनी मला पत्र्याच्या मागे डॉली धरायला लावली. "घट्ट नको धरूस. तिला नाचू दे. पण वाकडी होऊ देऊ नकोस." गन वाजली, सेकंदाच्या आत थांबली. मी डॉली काढली. ३/३२ इंची रिव्हेटचं मागचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद, निम्म्याइतकं उंच, गोल, कड फाटलेली नाही. मित्राने गेज लावून पाहिलं आणि बाबांकडे पाहून नुसती मान हलवली. त्यानंतर बाबा परत जाईपर्यंत दर शनिवारी त्याचा फोन यायचा, मला नव्हे, त्यांना. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. सगळं नखावर, गेजवर आणि मानेवर चाललं.

नख का अडतं हे समजून घेण्यासारखं आहे. बाहेरच्या बाजूला पत्रा गुळगुळीत हवा, म्हणून चपट्या डोक्याचा रिव्हेट आत बसवतात, आणि त्यासाठी भोकाभोवतीचा पत्रा दाबून खळगी करतात, तिला डिंपल म्हणतात. डिंपल करताना भोकाची कड ताणली जाते. कडेला जरासा ओरखडा असेल तर ताण तिथे जमतो आणि तिथूनच तडा निघतो. उडताना पत्रा हजारो वेळा थरथरतो, तडा इंचाच्या शतांशाने पुढे सरकतो.

हीच गोष्ट पुढे व्हॅन्सच्या मुळावर येऊ पाहत होती. करोनाच्या काळात घरी बसलेल्या लोकांनी किटांची इतकी मागणी केली की पंचिंगला कमी पडू लागलं, आणि बऱ्याच भागांची भोकं लेझरने कापून घेतली गेली. लेझरने भोक दिसायला नितळ पडतं, पण कापताना कड तापते, आणि जिथे लेझर आत शिरतो-निघतो तिथे एक बारीकशी खाच राहू शकते. डिंपल करताना त्यातल्या काही भोकांना तडे जाऊ लागले. २०२३ मध्ये हे सगळीकडे चर्चेला आलं, कंपनीने चाचण्या केल्या, भाग बदलून द्यायला घेतले, आणि बाकीच्या ओझ्यात हेही ओझं मिळून डिसेंबर २०२३ मध्ये तिला दिवाळखोरीच्या कायद्याचं संरक्षण मागावं लागलं. किटांच्या किमती वाढल्या, ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते त्यांना जास्तीचे भरावे लागले. २०२४ मध्ये कंपनी त्यातून बाहेर आली. त्या काळात मला सतत भीती होती की आरव्ही-१५ आता कागदातच राहणार. तसं झालं नाही, कामं चालू राहिली, आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. पन्नास वर्षांची कंपनी भोकाच्या कडेवर डगमगू शकते, हे ज्याला पटत नाही त्याने एकदा आपलं नख फिरवून बघावं.

आपल्याकडे या वेडाची माणसं नाहीत असं कुणी म्हणू नये. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने १९५८ साली पुष्पक उडवलं, दोन जणांचं, वर पंखाचं, ९० अश्वशक्तीचं साधं विमान, आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत एक अख्खी पिढी त्यावर शिकली. बाबांनी लहानपणी पाहिलेलं पहिलं विमान तेच. आणि कांदिवलीला चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं, तेही कुठल्याही किटशिवाय. २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं, २०१७ मध्ये नोंदणी मिळाली, २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं. त्या दरम्यानची वर्षं पत्र्याशी झगडण्यात कमी आणि नियमांशी झगडण्यात जास्त गेली. मला त्यांच्या चिकाटीचा अभिमान वाटतो आणि त्याच वेळी फार वाईटही वाटतं. एखाद्याच्या असामान्य जिद्दीवर सगळं अवलंबून राहिलं तर त्याच्यामागून दुसरा कुणी येत नाही. अमेरिकेत दंतवैद्य आणि शाळामास्तर विमान बांधतात, कारण नियम ठरलेला आहे, तपासायला येणारा माणूस ठरलेला आहे, पहिले २५ किंवा ४० तास कुठल्या हद्दीत एकट्याने उडवायचं ते ठरलेलं आहे, आणि आत बसणाऱ्याला दिसेल अशी पाटी लावावी लागते की हे विमान हौशी माणसाने बांधलं आहे. सगळं उघड. नाशिकच्या, पुण्याच्या, कोल्हापूरच्या पत्राकाम करणाऱ्या पोरांचे हात या दंतवैद्यांच्या हातांपेक्षा कितीतरी तयार आहेत. त्यांच्यासाठी असा सरळ रस्ता झालाच पाहिजे.

आरव्ही-१५ कडे परत येतो. पंख वर गेल्यामुळे बांधणाऱ्यापुढे काही नवी कोडी येणार आहेत. खालचा पंख बसवायचा तर तो कमरेच्या उंचीवर सरकवून बोल्ट घालता येतो. वरचा पंख डोक्याच्या वर धरून ठेवावा लागतो, एक जण टोकाशी, एक जण मुळाशी, तिसरा स्ट्रट घेऊन उभा. स्ट्रटच्या दोन्ही टोकांच्या फिटिंगवर आता सगळ्यांचा जीव आहे, तेव्हा ती दरवर्षी तपासता येतील अशी उघडी हवीत. दारांच्या चौकटींनी छत तोलायचं आणि शिवाय मोठ्या दारांसाठी जागाही सोडायची. बाबांना मी फोनवर विचारलं की छतातले रिव्हेट डोक्यावर हात करून मारायचे म्हणजे हाल होतील ना. ते म्हणाले, धड उलटं ठेवायचं, घोडीवर, मग छत खाली येतं. आम्ही तेच करायचो.

मित्राचं आरव्ही-१४ पूर्ण झालं की गॅरेज मोकळं होईल. पुढचं १५ असावं, असं आमचं दोघांचं ठरलं आहे. आरव्ही बांधणाऱ्यांचा शिरस्ता असा की पहिलं खोकं शेपटीचं घ्यायचं. ती लहान असते, स्वस्त असते, आणि हात बसेपर्यंत एखादा पत्रा वाया गेला तर परवडतो. म्हणजे जी गोष्ट त्यांनी जगासमोर दाखवून मग बदलली, तीच आमच्या हाती सगळ्यात आधी येणार आहे. बाबा म्हणतात, खोकं आलं की कळव, तिकीट काढतो.